चंद्री, तात्या आणि आईचं तोंड

आमची आई गेली तेव्हा सगळ्यात खरा शोक म्हशीनं केला, असं वडगाव निंबाळकरात अजूनही सांगतात. माझ्या तोंडावर सांगतात! मी तरी काय बोलणार? आम्ही माणसं तिसऱ्या दिवशी भाकरी मोडत होतो, आणि म्हशीचं दूध मात्र बंद झालं ते झालंच.

म्हशीचं नाव चंद्री. कपाळावर पांढरा टिकला आणि चाल तहसीलदाराची. आईनं ती कळसहून, आपल्या माहेरातनं, एवढीशी असताना आणलेली. चंद्रीचं रेडकू जन्मलं आणि लगेच दगावलं. रेडकाशिवाय ही काही पान्हा सोडायची नाही, असं सगळं गाव म्हणत होतं. आईनं पुढ्यात पेंडीची पाटी ठेवली, पदर खोचला, कासेखाली बसली, आणि दूध काढूनच उठली. तेव्हापासून चंद्रीला दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही.

धार काढायला बसली की आईचं तोंड सुरू व्हायचं. विषय एकच, आमचे तात्या. ऐकायला चंद्री.

"बघ चंद्रे, ह्या माणसाला मीठ आण म्हणलं, तर पेपर घिऊन आला. आता पेपर घालू व्हय कालवणात?"

चंद्री कान हलवायची.

"कारखान्यात सायेब, आन घरात खांब! खांबाला निदान दावं तरी बांधता येतंय!"

हा खांब तेव्हा गोठ्यासमोरच्या ओट्यावर तोंडापुढं पेपर धरून बसलेला असायचा. तात्या साखर कारखान्यात टाइमकीपर होते. पांढरी पँट, पांढरा शर्ट, इस्त्री अशी की चालताना कडकड आवाज यावा. कारखान्यात त्यांना लोक टरकून असायचे (असं तात्याच सांगायचे). घरात मात्र सकाळ-संध्याकाळ एवढा उद्धार चालायचा आणि हे उलट एक शब्द बोलायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, त्यांना ऐकू जातच नसावं.

माघाच्या थंडीत एका रविवारी पहाटे आई गेली. छातीत कळ आली, शेजारच्या जीपमधून बारामतीला नेईपर्यंत संपलं सगळं. तात्या रडले नाहीत. लोक भेटायला यायचे, जयभीम घालायचे, बसायचे. तात्या नुसते पेपर धरून बसायचे, तोही कधीकधी उलटा. ताटावर बसवलं की घास हातातच राहायचा.

इंदापूरची आत्या, म्हणजे तात्यांची थोरली बहीण, पुण्यानुमोदनापर्यंत राहायला आलेली. पहिल्या संध्याकाळी चंद्रीखाली तीच बसली. "आख्खं आयुष्य गेलं माझं म्हशींत!" असं म्हणाली आणि पुढच्या क्षणाला बादलीसकट उकिरड्यापाशी जाऊन पडली. मग मी बसले. माझी बादली लांब गेली नाही, मी गेले.

दोन दिवसांत चंद्रीची कास फुगली. डॉक्टर स्कूटरवरून आले. पांढरा शर्ट, हातात भली मोठी सुई. म्हणाले, "इंजेक्शनवर थोडं निघेल. पण हे रोज करता येत नाही. दूध अंगात राहिलं तर दगडी होईल. कास दगडासारखी घट्ट होते, मग जनावर कामातून गेलं समजा."

"मंग बाजार दाखवा की!" आत्या म्हणाली. "कोण सांबाळणार हिला? पोरगी लगीन करून जाईल."

तात्या किती दिवसांनी बोलले. "म्हैस इकायची न्हाय. ती तिची हाय."

एवढंच बोलून परत पेपरात. आत्यानं येत्या बाजारापर्यंत मुदत दिली.

इथं माझी एंट्री! मी तेव्हा बारामतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय मानसशास्त्र. आमच्या पुस्तकात एक कुत्रा होता. त्याला घंटा वाजवून खायला द्यायचे. पुढंपुढं नुसती घंटा वाजली तरी त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. मी आत्याला सांगितलं, "आत्या, चंद्रीला काही झालेलं नाही. ही शिकलेली सवय आहे. आपण फक्त तिची घंटा शोधायची."

"गळ्यात हाय की घंटा," आत्या म्हणाली.

अशा वातावरणात संशोधन करावं लागतं! मी आईची हिरवी साडी नेसले. तिच्या बांगड्या घातल्या. डोक्याला तिचं तेल चोपडलं. पेंडीची पाटी, बादली, सगळं जिथल्या तिथं ठेवलं. चंद्रीनं मान वळवून माझा वास घेतला. लांब श्वास सोडला. म्हटलं, जमलं! तेवढ्यात तात्या कारखान्यातून आले. सायकल हातात, मी पाठमोरी.

"आज लवकर बसलीस गं?" ते म्हणाले. अगदी सहज, रोजच्यासारखं.

मी वळून बघितलं. त्यांनीही बघितलं. मग ते सायकल स्टँडला न लावताच आत गेले, ती धाडकन पडली, आणि चंद्रीनं मला लाथ घातली. त्या दिवशी तात्या जेवायला उठलेच नाहीत. मला लाथेचं काही वाटलं नाही, पण ते जेवले नाहीत त्याचं फार लागलं.

माझ्या संशोधनातून एक मात्र झालं. चंद्री नवीन गोष्टी भराभर शिकली! बादलीची कडी वाजली की लाथ. स्कूटरचा आवाज आला की दाव्याला हिसडे, कारण स्कूटर म्हणजे सुई. आणि पांढरा शर्ट दिसला की थेट शिंगं. आता पांढऱ्याशिवाय कपडाच नसलेल्या तात्यांना स्वतःच्या गोठ्यात पाय टाकायची चोरी झाली. कुत्र्याच्या धड्यात हे लिहिलेलं नव्हतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी आत्यानं आणखी एक घाट घातला. वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून पळसदेवचं एक स्थळ तिनं आणलं. मुलगा इंदापूरला शाळेत मास्तर, आईला घेऊन चार वाजता बघायला येणार. चार वाजले, पाच वाजले, पोहे गार झाले. "पंक्चर झाली आसंल," आत्या म्हणाली. दिवस कलला आणि चंद्री कळवळून हंबरायला लागली. ते ऐकवेना.

तात्या ओट्यावरून उठले. घरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी शर्टपँटवरून आईची हिरवी साडी गुंडाळलेली होती, डोक्यावरून पदर, पदराखाली मिशा.

"आरं द्येवा!" आत्या म्हणाली. (आमच्या घरात देव नाही, पण आत्याचा नाइलाज होता.) "आरं पावणं येत्यात!"

"येऊ देत. उद्या बाजार हाय," तात्या म्हणाले आणि चंद्रीखाली बसले.

पाटी ठेवली, पाठीवर हात फिरवला. काही नाही. सडांना हात लावला, चंद्रीनं पाय उचलला. तात्या तसेच बसून राहिले, कपाळ तिच्या पोटाला टेकवून. मग हळूच, घशातल्या घशात म्हणाले, "बघ चंद्रे... ह्या माणसाला मीठ आण म्हणलं..."

चंद्रीचे कान ताठ झाले.

"...तर पेपर घिऊन आला. आता पेपर घालू व्हय कालवणात?"

पाय खाली आला. बादलीत चुर्र आवाज झाला. मी दारात उभी होते, तिथंच खाली बसले. घंटा सापडली होती!

आणि तात्या काय बोलत होते! शब्द न् शब्द आईचा, तोच ठसका, तोच "व्हय". इतकी वर्षं त्या पेपराआड बसून या माणसानं पेपर वाचलाच नव्हता. "कारखान्यात सायेब, आन घरात खांब! लग्नात घड्याळ दिलंय, त्यात लोकांच्या येळा बघतो, घरी यायची येळ बघत न्हाय!"

तेवढ्यात फाटकात स्कूटर वाजली.

चंद्री थरारली. दावं ताणलं, बादली डुचमळली. आता थांबलं तर संपलं, हे तात्यांना कळलं असावं. त्यांनी आवाज चढवला. "हाल की, हाल! तुबी ह्याच्याच वळणावर जा! ह्याची ती भन आली की साखरंचा डबा लपवावा लागतोय मला!"

आत्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पण पाहुणे दारात. मुलगा आणि मुलाची आई, दोघंही गोठ्याकडं बघतायत. आत्या सावरून म्हणाली, "या, या, जयभीम! बसा की आत. ती व्हय? ती आमची... लांबची भन हाय. मुकी हाय बिचारी."

"च्या सांडला तर स्वतःचा पाय बाजूला घेतो, कप उचलत न्हाय!" मुकी बहीण गरजली.

मुलाच्या आईनं जरा वाकून बघितलं. "मिशा झ्याक हायेत भनीच्या," ती म्हणाली.

मुलगा तोंडावर रुमाल धरून उभा. मी पोह्यांची बशी घेऊन उभी, आईचं तेल अजून केसांत. तात्यांना दिसत होतं सगळं, पण बादली अजून भरायची होती. नवरीचा बाप नवरीच्या आईची साडी नेसून, तिच्याच शब्दांत स्वतःचे सगळे दुर्गुण पाहुण्यांना ऐकवत होता. घोरणं झालं, विसरभोळेपणा झाला, आईच्या भावाला साधा चहा न विचारल्याचं झालं. यादी संपत आली आणि चंद्रीला तर अजून हवी होती.

"कालपासनं छातीत दुखतंय म्हणती," तात्या म्हणाले. आवाज खाली आला. "दवाखान्यात न्या म्हणती. तर ह्यो माणूस म्हणतो, सोमवारी रजा काढतो. सोमवारी जाऊ."

मी हे कधी ऐकलेलं नव्हतं. बहुतेक हेच तिचं शेवटचं बोलणं असणार, शनिवारी संध्याकाळी, चंद्रीजवळ.

"सोमवारी म्हणतो चंद्रे..." आणि पुढं त्यांना बोलता येईना. साडीत तोंड घालून ते हुंदके द्यायला लागले, सगळ्यांच्या देखत. हात मात्र थांबले नाहीत. आत्यानं पदर तोंडाला लावला. साखरेच्या डब्याचंही ती विसरली.

मुलाची आई चपला काढून गोठ्यात गेली. तात्यांच्या शेजारी उकिडवी बसली.

"चालू द्या तात्या," ती म्हणाली. "मधी सोडू नका. आत ऱ्हायलं की दगडी हुती."

बादली काठोकाठ भरली. लग्न तिथंच ठरलं म्हणायचं, कारण मला कुणी एक प्रश्नही विचारला नाही. चंद्री बाजारला गेली नाही. तात्या पुढं कित्येक वर्षं ती साडी नेसून धार काढत आणि स्वतःला बोलून घेत. सुरुवातीला पोरं बघायला जमायची. नंतर बायका आपापल्या नवऱ्यांना घेऊन यायला लागल्या, म्हणे शिका काहीतरी!

चंद्री म्हातारी होऊन गेली, तेव्हा तात्यांचं जेवण परत सुटलं. मी इंदापूरच्या एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडं फोन लावायची, तात्यांना बोलवायची. "जेवलात का?" विचारलं की गप्प. एकदा माझं डोकं फिरलं. "अहो तात्या, हितं पोरगी जिवाला खाती, आन तिथं तुम्ही खांबासारखे बसता व्हय!" मग म्हणाले, "आजून जरा बोल." मी बोलले, ते जेवले. मग ते रोजचंच झालं. बूथवाला माझ्या नवऱ्याकडं फार दयेनं बघायचा.

आता तात्याही नाहीत. परवा त्यांचा स्मृतिदिन होता. माझ्या डोळ्यांत काही पाणी आलं नाही, त्यांच्या फोटोपुढं संध्याकाळपर्यंत नुसती ठोकळ्यासारखी बसून होते. आमचे हे दोनदा येऊन बघून गेले. मग मोरीत जाऊन त्यांनी रिकामी बादली घेतली आणि तिची कडी जोरात आपटली.

"काय ओ हे!" मी ताडकन उठले. "घरात कुणाला दुःख करू द्याल का न्हाय? मीठ आणा म्हणलं होतं सकाळी, आणलंत? का तुम्ही पण पेपर..."

आणि तिथंच मला रडू फुटलं. चांगलं घसा सुकेपर्यंत रडले. हे शेजारी उकिडवे बसून राहिले, आणि माझं झाल्यावर पदराचं टोक माझ्या हातात देऊन म्हणाले, "चला, आता दगडी होत नाही."

मानसशास्त्रात बी.ए. केलंय मी. आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला कळलं, की या घरातली म्हैस मी आहे.