विहीर कोणी खोदली

आमच्या गावाला इतिहास आहे, हे गावाला गेल्या वर्षी कळलं. तोवर आम्ही म्हणजे समुद्रपूरकडे जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून दिसणारा एक उघडाबोडका माळ होतो. मुरूम, बाभळी आणि उन्हाळाभर टँकरची वाट बघणारे ड्रम. पाहुणे गावाला तोंडावर वाळवंट म्हणतात, आणि आम्हाला त्याचं काही वाटतही नाही. मग शेजारच्या गावानं स्वागत कमान बांधली आणि आमच्या पुढाऱ्यांच्या पोटात दुखायला लागलं. पाणी नसलं तरी चालेल, कमान पाहिजे.

कमानीवर इतिहास हवा. तो चार रिकामटेकड्यांनी पारावर बसून एका दुपारी तयार केला. कोण्या साधूबाबानं काठी आपटली, विहिरीला पाणी फुटलं, गाव वसलं. लगेच संगमरवरी पाटीसुद्धा आली. आईनं ती मला वाचायला लावली आणि ऐकून तोंड वाकडं केलं. ती विहीर माझ्या आजोबांनी आणि आमच्या बौद्ध वस्तीतल्या माणसांनी खोदली होती. पाणी लागलं त्या दिवशी पूजा झाली आणि खोदणाऱ्यांना काठावरून हाकलण्यात आलं. आई लग्न होऊन आली तेव्हाही घागर घेऊन लांब उभी राहायची. कोणी वरून ओतेल तेव्हा पाणी. आता तिला एवढंच हवं होतं, की कोणी खोदली ते पाटीवर यावं.

मी सरपंचाकडे गेलो.

"काऊन जुनं उकरून राह्यले भाऊ?" तो म्हणाला.

गावाचा इतिहास दगडात कोरून घेणारा माणूस हे म्हणत होता.

कमानीच्या उद्घाटनाला एक मोठे साहेब येणार होते. त्यांच्या हातून या ऐतिहासिक विहिरीतून एक बादली पाणी काढायचं ठरलं. विहीर तर कित्येक वर्षं कोरडी. मग या शहाण्यांनी काय करावं? आदल्या संध्याकाळी गावाच्या पिण्याच्या पाण्याचा टँकर आणला आणि विहिरीत रिकामा केला. बायका ड्रम घेऊन नुसत्या बघत राहिल्या. मुरमाड तळ तो, सकाळपर्यंत सगळं पिऊन बसला.

साहेबांनी झेंडूच्या माळा बांधलेली बादली खाली सोडली. ती तळाशी ठण्णकन वाजली आणि दोन खडे घेऊन वर आली. मला हसू आवरेना. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

सरपंचानं घाईघाईनं माईक ओढला. आम्ही वस्तीतले मागच्या रांगेत बसलो होतो. आमच्याकडे हात करून तो माईकवरच बोलला, "साहेब, या वस्तीवाल्यायच्या बुढ्यायनं विहीर अर्धीच खोदली होती. कामचोर होते सारे!"

आई उठली. तिच्या आवाजाला माईक लागत नाही.

"आठवलं ना बापू, कोनं खोदली थे? मंग टाक पाटीवर. अर्धी खोदली असंच टाक, पन आमचं नाव टाक."