बियाण्याच्या ढोलीत ठेवलेला कंचा

माझ्या डाव्या खिशात कायम दोन कंचे असतात. ते एकमेकांवर घासत राहिलं की मला बरं वाटतं. बरं म्हणजे काय, निदान उठून येरझाऱ्या घालाव्याशा वाटत नाहीत. शाळेत शिकवत होतो तेव्हा उजव्या हातात खडू आणि डावा हात खिशात, असाच मी फळ्यापुढे उभा असायचो. एकदा हेडमास्तरांनी विचारलं, "गुरुजी, खिशात काय वाजतं?" मी म्हटलं, किल्ल्या. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

बाकी जग ज्यांना गोट्या म्हणतं त्यांना आम्ही कंचे म्हणतो. माझ्याकडे किती आहेत ते मला माहीत नाही. गोंदियाजवळच्या गोरेगावात माझं घर आहे, तिथे लोखंडी पलंगाखाली बिस्किटांचे पत्र्याचे डबे आहेत, लोणच्याच्या बरण्या आहेत, एक जुनी कळशी आहे. पोटात रंगाची पाकळी असलेले, सोड्याच्या बाटलीतले हिरवट, राइस मिलच्या भंगारातून आणलेले लोखंडी छर्रे, मातीचे भाजलेले. दर दोन-चार दिवसांनी मी ते जमिनीवर ओततो, पुसतो आणि पुन्हा भरतो. बायको म्हणते, "रिटायर झालेली माणसं देवाला लागतात, तुम्ही पलंगाखाली लागलात." मी पलंगाखाली काय शोधतो ते तिला कधी सांगितलंच नव्हतं.

मी शोधत होतो माझ्या बहिणीचा कंचा, निदान त्याच्यासारखा.

बहीण माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. गावात तिच्यासारखा नेम कुणाचा नव्हता. अंगठा जमिनीला टेकवून मधल्या बोटावर कंचा ताणला की तिचा एक डोळा आपोआप बारीक व्हायचा, आणि पुढचा कंचा गेलाच म्हणून समजा. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य रंगतं, लेकी माहेरी येतात. अशाच एका मंडईत तिने शेजारच्या गावच्या पोरांना हरवून एक दुधी कंचा जिंकला होता. पांढराशुभ्र, आत एकच हिरवी शीर आणि एका बाजूला उडालेला बारीकसा टवका. तो ती ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. मला हातही लावू द्यायची नाही.

तिचं लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडचं गाव, धानाची शेती, माणसं बरी. निघताना, सगळ्या बाया रडत असताना, तिने हळदीच्या हाताने तो कंचा माझ्या मुठीत कोंबला. "माया कंचा ठेव, बाबू. मंडईले येईन तवा खेळू. हारवू नोको."

मी अभिमानाने फुगलो होतो. पण घरात कंचा ठेवायला जागा नव्हती, कारण आमच्या बाबांना कंच्यांचा राग. अभ्यास सोडून खेळताना दिसलो की ते खिसे उलटे करायचे आणि सापडेल ते विहिरीत टाकायचे. आमच्या विहिरीच्या तळाला आजही माझं अर्धं बालपण पडलेलं असेल. म्हणून मी डोकं चालवलं. ओसरीच्या कोपऱ्यात बियाण्याच्या धानाची ढोली, म्हणजे कणगी होती, बांबूची, शेणामातीने लिंपलेली. खायच्या धानाच्या ढोलीत रोज हात जातो, पण बियाण्याच्या ढोलीला हिवाळा-उन्हाळा कुणी शिवत नाही. मी दंडापर्यंत हात आत घालून कंचा धानात पुरला. एवढी सुरक्षित जागा मला पुन्हा आयुष्यात सापडली नाही. पहिल्या मंडईला बाई आली तेव्हा कंचा तिथून काढला, आम्ही अंगणात खेळलो, ती जिंकली आणि जाताना पुन्हा माझ्याजवळ ठेवून गेली. मीही तो पुन्हा ढोलीत पुरला.

त्या उन्हाळ्यात मी मामाच्या गावी गेलो आणि तिथे चार दिवस जास्त राहिलो. परत आलो तर ढोली रिकामी. मी आत डोकं घालून तळ खरवडला, हाताला नुसता भुसा लागला. बाबांनी बियाणं काढलं होतं, मिठाच्या पाण्यात घालून पोचट दाणे वर काढून टाकले होते, वजनदार ते ठेवून, मोड आणून बोडीजवळच्या बांधीत, तळ्याकाठच्या खाचरात, पेरले होते. माझा कंचा वजनदारच. तो तळाशीच राहिला असणार, आणि धानाबरोबर पेरला गेला असणार. बांधीत पऱ्हे बोटभर उगवले होते, आणि मी धुऱ्यावर उभा राहून त्या हिरव्या लुसलुशीत रोपांकडे असा बघत होतो की बाबा म्हणाले, "पोरगं शेतीले लागलं वाटते."

बाबांना विचारायची छाती झाली नाही. पेरताना त्यांच्या मुठीत तो आला असेल का? आला असेल तर त्यांनी फेकला असेल का? कुठे? एवढंसं विचारायचं होतं. ते गेले तोपर्यंत विचारलं नाही.

त्या साली मंडईला बाई आली ती पोटुशी होती. खाली बसून खेळायचा प्रश्नच नव्हता. ओसरीवर बसता बसता तिने विचारलं, "बाबू, माया कंचा हाये ना?"

मी म्हणालो, "हाये बाई."

झालं. तेवढंच. पुढच्या साली कडेवर लेकरू होतं, त्याच्या पुढच्या साली दुसरं. खेळायला कधी वेळ झाला नाही, पण विचारायची मात्र ती दरसाल. हाये ना? हाये. माझं लग्न झालं, नोकरी लागली, गोरेगावात घर झालं, शेती गावालाच राहिली. रोवणीच्या आधी चिखल करताना मी दरसाल त्या एका बांधीत उतरायचो. गडी म्हणायचे, गुरुजी, कायले पाय भरवता, आम्ही हावो ना. मी ऐकायचो नाही. तळपायाने चिखल चाचपत बांधीभर फिरायचो. शिंपले सापडले, बांगडीचे तुकडे सापडले, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू सापडलं. एकदा टाचेखाली गोल काहीतरी आलं तेव्हा मी कोपरापर्यंत हात चिखलात घातला. बोरीची बी निघाली. त्या दिवशी मी गड्यांवर विनाकारण ओरडलो, आणि नंतर सगळ्यांना चहा पाजला.

कुणी म्हणेल, एका कंच्यासाठी एवढं कशाला? मीही स्वतःला हेच म्हणायचो आणि उठून येरझाऱ्या घालायला लागायचो. पण आधी माय गेली, मग बाबा गेले. आई-बाप गेल्यावर लेकींचं माहेरी येणं हळूहळू कसं कमी होतं ते मी आजूबाजूला पाहत होतो. आधी दोन दिवस, मग एक दिवस, मग नुसता फोन. बाई येत राहिली. आमच्यात बोलायला फार काही नसायचं. ती आली की तो एक प्रश्न आणि माझं ते एक उत्तर, एवढंच आमचं लहानपण उरलं होतं. ते खोटं आहे म्हटल्यावर ती कशासाठी येणार? मला खरोखर भीती वाटायची. खिशातले कंचे मी उगाच घासत नव्हतो.

मागच्या दिवाळीला तिचा फोन आला. भाऊजी जाऊन दोन वर्षं झाली होती. "बाबू, डोऱ्याचं आपरेशन सांगतलं डाक्टरनं. सारं धूर धूर दिसते. त्याच्या आधी मंडईले येतो. अन् या खेपी कंचा काढून ठेव. आता काई लेकरंबारं नाईत कडेवर. खेळूच."

त्या दिवसापासून माझं बूड जमिनीला टेकलं नाही. सगळे डबे ओतले. गोरेगावच्या बाजारात गेलो, तिथून गोंदियाला गेलो, एकाच दिवसात तीन दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने विचारलं, "क्यों गुरुजी, पोते के लिए?" मी म्हटलं, हाँ. मला नातूच नाही. शेवटी एका पुडीत पांढरा कंचा मिळाला, आत हिरवी शीर. दोन शिरा होत्या, पण धूर दिसणाऱ्या डोळ्यांना एक काय न् दोन काय. तो फारच नवा होता, म्हणून मी त्याला धुणं धुवायच्या दगडावर घासला, चिंचेच्या पाण्यात ठेवला, चार दिवस तुळशीच्या बुडाशी पुरला. साठीला आलेला माणूस, जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलेला, आणि परसात उकिडवा बसून कंचा जुना करतो आहे. माझी मलाच किळस आली, पण हात थांबले नाहीत.

मंडईच्या दिवशी आम्ही सकाळीच गावच्या घरी गेलो. बायको वड्यांसाठी उडदाची डाळ वाटत होती आणि मी दर पाच मिनिटांनी फाट्यावर जाऊन एसटी बघत होतो. बाई उतरली ती मुलाला सोबत न आणता, एकटीच. वाळली होती. अंगणात आल्या आल्या म्हणाली, "गल कर."

मी टाच फिरवून जमिनीत गलाचा खळगा केला. तिच्यासाठी पाट आणला. ती बसली आणि हात पुढे केला. मी तिच्या तळहातावर कंचा ठेवला.

तिने तो बघितला नाही. डोळ्यांजवळ नेलाच नाही. नुसता अंगठा त्याच्यावरून फिरवला, एकदा, दोनदा, गोल गोल. मग म्हणाली, "हा नोहे."

"तोच हाये बाई," माझ्या तोंडून निघून गेलं.

"माया कंच्याले टवका होता. नख बसत होतं त्यात." तिने पुन्हा अंगठा फिरवला. मग तिचा चेहरा उतरला. "का मायंच चुकून राह्यलं? आता काईच ध्यानात राहत नाई रे मले. परवा गॅस तसाच चालू ठेवला होता. पोरगा रागावला. तू म्हनते तं तोच असन."

मी सुटलो होतो. फक्त "हो" म्हणायचं होतं. पण ती जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या बोटांवर अविश्वास दाखवत होती, तीही माझ्यामुळे, आणि तेवढं मला बघवलं नाही. टवका टवक्याच्या जागी बरोबर तिच्या लक्षात होता.

"तू नाई चुकली," मी म्हणालो. "हा बाजारातला हाये. तुया कंचा हारपला."

"कवा?"

"तुया लग्नाच्या दुसऱ्याच साली. बियाण्याच्या ढोलीत ठेवला होता. बाबांनी पऱ्ह्यात पेरून टाकला."

बाहेर रस्त्यावरून पिपाण्या वाजवत पोरं चालली होती. मी खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

"मंग दरसाल हाये, हाये कायले म्हनत होता?"

"तू येशीन का नाई, या भेवानं."

"मी कंच्यापायी येत होतो?" तिचा आवाज चढला. असा आवाज मी मायच्या मरणातही ऐकला नव्हता. "तुले असं वाटलं मायाबद्दल? अन् मी तिकडे सुनायले सांगत होतो, माया भावानं माया कंचा अजून जपून ठेवला म्हनून!"

मी खाली मान घातली. डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

"मूठ ठेव," ती म्हणाली.

लहानपणी आमचा नियमच होता. जो हरेल, जो लबाडी करेल, त्याने गलावर मूठ ठेवायची, आणि दुसऱ्याने त्याच्या बोटांच्या हाडांवर कंचा मारायचा. मी गुडघे टेकले आणि मूठ गलावर ठेवली.

"किती मंडया झाल्या?"

"चाळीसच्या वर."

"प्रत्येक मंडईचा एक."

तिने अंगठा जमिनीला टेकवला. कंचा मधल्या बोटावर ताणला. डोळा बारीक झाला. पहिला असा बसला की मला तारे दिसले. दुसराही हाडावरच. बायको पिठाच्या हातांनी दारात आली, म्हणाली, "अगं बाई, हे काय चाललंय?" मी कंचा उचलून द्यायचो आणि मूठ परत ठेवायचो. तिसरा. चौथा. पाचवा बाजूने गेला आणि तुळशीला लागला. बाईने पदराने डोळे पुसले, पुन्हा नेम धरला, आणि हात खाली घेतला.

"आता दिसून नाई राह्यलं." कंचा तिने माझ्या हाती दिला नाही. पदराच्या टोकाला ठेवला आणि घट्ट गाठ मारली. "चार झाले. उरलेले पुढच्या मंडईले. आपरेशन झाल्यावर नेम बराबर लागन."

ती भिंतीला हात लावून उठली आणि वड्यांच्या वासाकडे, आत गेली. माझी मूठ अजून गलावरच होती.