ट्रेमधला कवड्या

"मॅडम, मण्यार आहे का नाही, एवढंच सांगा," डॉक्टर म्हणाले.

स्टीलच्या ट्रेमध्ये मेलेला साप होता. काळपट, अंगावर पांढरे पट्टे. वॉर्डात सुंदरराव, राजवाड्यामागच्या आमच्याच गल्लीतले. पहाटे जमिनीवर झोपले असताना त्यांना साप चावला होता.

तंजावूरच्या आमच्या कॉलेजात झूऑलॉजी शिकवणारी मी एकटीच उरले होते. मुलं कॉम्प्युटरकडे पळाली, सहकारी रिटायर झाले. कितीतरी दिवसांनी कुणी मला सापाबद्दल विचारत होतं. खरं सांगते, बरं वाटलं.

साप, सरडे, पाली सगळे एकाच गणातले, आणि जात ओळखायची ती खवल्यांवरून. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या षट्कोनी खवल्यांची ओळ असते. इथे नव्हती. डोकं चपटं, पट्टे मानेपासूनच सुरू झालेले.

"कवड्या. बिनविषारी."

"शुअर?"

"शंभर टक्के."

डॉक्टर निवांत झाले. अँटिव्हेनमचा साठा कमी होता, आणि ते औषध कधीकधी अंगावर उलटतं.

माझं काम संपलं. तरी मी बाकावर सुंदररावांच्या बायकोशेजारी बसले. आपल्या तंजावुरी मराठीत चार शब्द बोलायला मिळाले तर हवेच होते.

"अक्का, भावानं मारला हो त्याला. कोल्लईत, विहिरीपाशी."

कोल्लई म्हणजे घरामागचं परसू. "आणि चावला कुठे?"

"आत, हॉलात. मी दिवा लावेस्तोवर काहीच नव्हतं की. मग सगळे शोधायला गेले."

"चावताना कुणी पाहिला?"

"नाही की."

मी तडक आत गेले. सुंदररावांच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या.

"पोट दुखतंय, अक्का. झोप येतेय."

"डोळे पूर्ण उघडा बघू." उघडेनात. मण्यारीचं विष असंच चढतं, आधी पापण्या, मग श्वास.

डॉक्टरांना हाक मारली. ते चिडले. "तुम्हीच म्हणालात ना बिनविषारी?"

"ट्रेमधला. चावला तो कुणीच पाहिलेला नाही."

त्यांनी पापण्या पाहिल्या आणि लगेच नर्सला बाटल्या आणायला सांगितल्या. अँटिव्हेनम सुरू झालं. दुपारी श्वासाचं मशीन लावावं लागलं. दोन दिवसांनी ते काढलं, आणि सुंदररावांनी आधी कॉफी मागितली.

तेव्हापासून साप बघण्याआधी मी विचारते, चावताना कुणी पाहिला का. माझी ओळख त्या दिवशीही शंभर टक्के बरोबर होती. घरी वाट बघणारं कुणी असतं, तर मी तेवढं सांगून निघून गेले असते.