गुंडाच्या घरचं तपेलं

सुलाबाईच्या जिभेला हाड नाही, असं कडेगावजवळच्या त्या गावात सगळेच म्हणायचे. पण गुऱ्हाळात रस आटला की नाही, हे नुसत्या वासावरून सांगावं तर तिनंच, हेही मान्य करायचे. म्हणूनच सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात दुधाच्या भुकटीचे डबे गावात आले, तेव्हा ते कालवायला गुऱ्हाळाच्या मोठ्या काहिलीपाशी तिलाच उभं केलं.

डबे सातासमुद्रापलीकडून आले होते. बेचाळीसच्या चळवळीपासून चार वर्षं पोलिसांची धरपकड आणि झडत्या, त्यावर धान्याची टंचाई. पोरांच्या नुसत्या बरगड्या उरल्या होत्या. सांगलीहून मदत समितीचे चिंतामणराव डबे घेऊन आले आणि म्हणाले, "देणाऱ्यांची अट एकच. कुणाला दूध द्यायचं ते गावानं चारचौघांत, हात वर करून ठरवायचं." गावाला यात नवल नव्हतं. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या भूमिगतांच्या अमलात गावचे निवाडे असेच तर होत होते.

पहिल्या दिवशी फजितीच झाली. दुधावर फेस चढला, तो रसावरची मळी समजून सुलाबाईनं सवयीनं रानभेंडीचं पाणी ओतलं. उसाचा रस त्यानं निवळतो. दुधाला मात्र चिकट तार सुटली. पोरांनी तेही भुरकून प्यायलं. सुलाबाई म्हणाली, "मला काय ठावं? डब्यातली म्हस मी कवा पिळलीया?"

गावानं हात वर करून केलेल्या यादीत एकच घर नव्हतं, गुंडाचं. त्रेचाळीस साली गुंडानं पोलिसांना खबर दिली आणि सुलाबाईचा भूमिगत नवरा अर्जुना उसाच्या फडात सापडला. तुरुंगातून तो परत आला नाही. गावानं गुंडाला वाळीत टाकलं. त्याच्या घराशी बोलणं बंद, त्याच्या घरचा दाणाही कुणी तोंडात घालायचा नाही.

तिसऱ्या दिवशी गुंडाची सून अंजना तान्ह्या पोराला घेऊन लांब बाभळीखाली येऊन उभी राहिली. तिचं दूध आटलं होतं. बरं झालं, असंच आधी सुलाबाईच्या मनात आलं. खोटं कशाला सांगा? पण ते पोर रडत नव्हतं. रडायचंही त्राण नव्हतं त्याला.

सुलाबाईनं हातातला ढवळणा थांबवला. पंचांतला वडीलधारा आप्पासो यादी घेऊन शेजारीच बसला होता.

"आप्पासो, म्हस व्याली म्हंजी चीक शेजारच्या घराला द्यायचा चुकवतो का आपुन? वैर असलं तरी?"

"न्हाई. पर ह्यो गावाचा ठराव हाय, सुलाबाई."

"मग परत हात वर करा. ह्या लेकराला दूध द्यायचं न्हाई असं ज्येला वाटतंय, त्येनं करावा. घर माजं बुडालंय, तवा हात वर करायचा पयला मान माजा."

दुधासाठी जमलेले सगळे तिच्याकडं बघत राहिले. तिचे दोन्ही हात ढवळण्यावरच होते. मग दुसऱ्या कुणाचाही हात वर गेला नाही. आप्पासोनं यादीत एक नाव वाढवलं.

सुलाबाईनं आपलं तपेलं भरून अंजनाच्या हातात दिलं. "बोंडल्यानं पाज. सावकाश. अन् उद्या परत ये," एवढंच म्हणाली.

चिकाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंजना सुलाबाईच्या घरी तपेलं द्यायला आली तेव्हा तपेल्याच्या तळाशी मूठभर जोंधळा होता. त्या घरात तेवढाच उरला असावा. सुलाबाई तेव्हा जात्यावर बसली होती आणि आप्पासो दारात तंबाखूची चंची सोडत होता.

"कोंबड्यास्नी टाका त्ये," तो हळूच म्हणाला. "त्या घरचा दाणा हाय."

गुंडाशी सुलाबाई मरेपर्यंत बोलली नाही. अर्जुनाचं नाव निघालं की शेवटपर्यंत तिचे डोळे भरून यायचे. पण त्या सकाळी तिनं तपेलं उचललं, सगळा जोंधळा जात्याच्या तोंडात ओतला आणि खुंटा धरला. दुपारी त्याच पिठाची भाकरी घेऊन ती दारात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी जेवायला बसली.