खिशातला वास

वहिनीला सगळी इमारतच वहिनी म्हणायची, तिच्या नवऱ्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. अर्धं आयुष्य तिने एका लाँड्रीत घालवलं. ती बंद पडली तेव्हा घरी कुढत बसण्यापेक्षा तिने मागच्या खोलीत नवा उद्योग मांडला. लोकांच्या कपाटांत वर्षानुवर्षं कोंडलेले कोट, स्वेटर, पडदे घ्यायचे, त्यांचा वास घालवायचा आणि ऑनलाइन विकायचे. फोटो, वर्णन, गिऱ्हाइकांना उत्तरं हे सगळं नणंदेकडे. वासाचं खातं वहिनीचं.

डाग फोटोत दिसतो, वास दिसत नाही. तो पार्सल उघडल्यावर थेट गिऱ्हाइकाच्या तोंडावर येतो. म्हणून वहिनी प्रत्येक कपडा आधी हुंगायची. कुबट असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवायची. सिगारेटच्या वासासाठी खायचा सोडा भुरभुरवून पिशवीत बांधून ठेवायची. डांबरगोळ्यांना मात्र वारा आणि धीर, दुसरं औषध नाही. शेवटी कपडा रात्रभर बंद पिशवीत ठेवायचा आणि सकाळी पिशवी उघडून नाक आत घालायचं. पिशवी कुणाची भीड ठेवत नाही, असं ती नणंदेला सांगायची.

या धंद्याला एकच शत्रू होता, खालच्या मजल्यावरचे काका. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेला एकटा माणूस, पण नाक असं की इमारतीत कुणाच्या घरी काय करपलं ते यांना आधी कळायचं. पाठीमागे सगळे त्यांना ‘नाकतोडे’ म्हणत. वहिनीने व्हिनेगरची बाटली उघडली की जिन्यातून आवाज यायचा, “वहिनी, आम्हाला मुरवायला ठेवलंय का?” वहिनीही खमकी. ती उत्तर म्हणून दार जरा जोरात लावायची.

मग थंडीत वहिनीला सडकून ताप आला. उतरला, खोकलाही गेला, ती पुन्हा कामाला लागली. आणि काय नवल, जी पिशवी उघडावी ती स्वच्छ. आपल्या हाताला यश आलंय, असंच तिला वाटलं. नणंदेने भराभर पार्सलं रवाना केली.

एका दुपारी नणंद फोन बघता बघता थांबली. “वहिनी, त्या राखाडी कोटाची बाई लिहितेय, सिगारेटचा वास येतो म्हणून. परत पाठवतेय. तू हुंगला होतास ना?”

“हुंगला होता की.”

नणंद गेल्यावर वहिनीने मागच्या खोलीत जाऊन व्हिनेगरची बाटली उघडली आणि नाकाशी धरली. काही नाही. जोरात श्वास ओढला. नाकात झोंबलं, पण वास म्हणून काही नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ती कुणाला बोलली नाही. नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता, त्याचं नाक चष्मा टेकवण्यापुरतं. आणि नणंदेने तर हिच्या भरवशावर आपली नोकरी सोडलेली. वहिनी प्रत्येक कपडा दोनदा, तीनदा धुऊ लागली. एक पडदा विटला. एक लोकरीचा स्वेटर आटून बाहुलीच्या मापाचा झाला. तयार कपड्यांचा ढीग वाढत चालला आणि पार्सल एकही बाहेर पडेना. नणंदेने विचारलं की वहिनी म्हणायची, “बघते,” आणि तोंड फिरवायची.

राखाडी कोट परत आला. वहिनीने तो सोड्यात ठेवला, वाऱ्यावर टांगला, पुन्हा पिशवीत घातला. सकाळी पिशवी उघडून ती नुसती बघत बसली. मग कोट काखेत मारून, नाक मुठीत धरून म्हणतात तशी जिना उतरली.

काकांनी दार उघडलं. कोटाकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “आता घरपोच आणायला लागलात?”

“काका, हा एकदा हुंगून सांगा. वास येतो का?”

“माझी चेष्टा करताय?”

“नाही हो.” वहिनीने आवाज खाली आणला. “मला वास येत नाही. ताप आला तेव्हापासून. घरात कुणाला सांगितलेलं नाही.”

काकांनी कोट हातात घेतला. मग बाजूला सरकले. “आत या. उंबऱ्यात उभं राहून हुंगण्याचं काम होत नाही.”

त्यांनी कोट खिडकीपाशी नेला. चष्मा काढला, जणू डोळ्यांची लुडबुड नको. कॉलर, बाह्या, अस्तर झालं. मग दोन्ही खिसे उलटे करून बाहेर ओढले आणि डाव्या खिशाच्या कोपऱ्याशी थांबले.

“बाकी कोट छान झालाय. वास इथे आहे. शिवणीत तंबाखूचा चुरा अडकलाय, हा बघा.”

वहिनीने पाहिलं. खरंच, तपकिरी कण. म्हणजे काम चुकलं नव्हतं, फक्त एक कोपरा राहिला होता. तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथल्या स्टुलावर बसलीच, आणि डोळ्यांना पाणी आलं ते तिने कोटाच्याच बाहीला पुसलं.

“आता मिठाचा वास लागेल त्याला,” काका म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले.

त्याच संध्याकाळी तिने नणंदेला सगळं सांगितलं. नणंदेने आधी कपाळाला हात लावला, मग तिला जवळ घेतलं. “एवढंच ना? तू बोलेनाशी झालीस, तेव्हा मला वाटलं, तुला माझ्याबरोबर काम नकोसं झालंय. मी रोज झुरतेय इथे.”

नणंद वहिनीला घेऊन डॉक्टरकडे गेली. वास परत येईल, पण हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले. तोवर पिशव्या खालच्या मजल्यावर जाऊ लागल्या. काका त्या एकेक करून उघडायचे. नापास करताना त्यांना भलताच आनंद व्हायचा, पण पास करताना त्याहून जास्त. व्हिनेगरच्या तक्रारी काही थांबल्या नाहीत. फक्त आता ते प्रमाण सुचवायचे.

उन्हं तापू लागली तसं एकदा वहिनी एका मखमली पडद्याला वाफ देत होती. अचानक तिने इस्त्री उभी केली. ओल्या कुत्र्याचा वास. पुसट, पण शंकाच नको. तिने पडद्यात तोंड खुपसलं, पोटभर श्वास घेतला आणि नणंदेला हाक मारली.

“अगं, इकडे ये. इतका घाण वास येतोय ना याला!”

नणंद धावत आली. दोघी त्या पडद्याला धरून हसत सुटल्या.