मऊ जमिनीची मालकीण

माझी थोरली जाऊ रोपं विकायची. तिची नर्सरी, तिचं घर आणि तिची जीभ, तिन्ही वस्तीत नावाजलेली. तोंडावर मी तिला जाऊबाई म्हणायचे. मनात काय म्हणायचे ते विचारू नका.

सासऱ्यांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा ती कुदळ घेऊनच हजर. खालच्या अंगाला बुजवलेलं तळं, वरच्या अंगाला खडक. तळ्याच्या जागेत कुदळ लोण्यात शिरावी तशी शिरली, खडकावर दांडाच मोडला. "माती मी घेते, दगड तुला," म्हणाली. सासूबाई तिच्या बाजूने. आमचे हे मूग गिळून बसले.

तिने त्या भुसभुशीत जमिनीवर दुमजली घर उठवलं. जाड भिंती, गच्चीभर कुंड्या. आमच्या खडकावर कशाबशा दोन खोल्या. गिऱ्हाइकांना माझं अंगण दाखवून म्हणायची, "हिच्या दारात तण उगवलं तर मला बोलवा, बघायला येईन."

तिला एकच मुलगी, मला मूल नाही. पोरगी सदानकदा माझ्याकडे. तिच्या आईच्या डोळ्यात ते खुपायचं.

एका सकाळी जमीन हादरली. आमच्याकडे ओट्यावरचं दूधही सांडलं नाही. पोरगी धावत आली, पांढरीफटक.

"काकू, तुम्हाला कळलंच नाही? आमचं घर किती वेळ डोलत होतं. भिंतीला तडे गेलेत."

"इथे खाली खडक आहे. राहा इथेच."

दुपारी जाऊ आली. "चल घरी. हिच्या खुराड्यात राहायला आपलं घर पडलंय का?"

"आई, मला भीती वाटते. आजचा दिवस राहू दे ना."

"राहू द्या तिला, जाऊबाई," मी म्हणाले. हातसुद्धा जोडले.

"एवढं घर बांधलं आणि पोर जावेच्या दारात? लोक तोंडात शेण घालतील." दंडाला धरून तिला ओढत नेलं.

संध्याकाळी मोठा धक्का बसला. आमच्या फळीवरची भांडी पडली, एवढंच. खाली मात्र नुसती धूळ. जाऊ रोपांना पाणी घालत बाहेर होती. मुलगी घरात होती.

आता जाऊ आमच्याकडेच असते. परवा एक इंजिनिअर पडलेली घरं बघत आला. म्हणाला, खडकात धक्का येतो आणि जातो; मऊ भरावात तोच वाढतो, लांबतो. वर जाड भिंतींचं ओझं.

"मग ती हिच्या घरी असती तर?" जाऊने विचारलं.

"ताई, असं नाही सांगता येत," तो म्हणाला. भला माणूस. माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नका बोलू म्हणून.

ती माझ्याकडे वळली. "तू सांग गं."

ती पोर माझीही होती.

"जगली असती," मी म्हणाले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.