बिननात्याची खोली

आमच्या नानांना, म्हणजे वडिलांना, दहा मिनिटं आणि एक विडा मिळाला की ते कुणाशीही नातं काढून दाखवायचे. धुळ्याहून जळगावला निघालो, तर चाळीसगावला गाडी बदलेपर्यंत त्यांना दोन लांबचे साडू आणि एक व्याही सापडले होते. एरवी मला याचं कौतुकच वाटायचं. पण या खेपेला आम्ही माझ्यासाठी खोली शोधायला निघालो होतो.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि मला एम.ए. करायचं होतं. जळगावला एक निवृत्त प्राध्यापक घरी शिकवायला तयार होते, परीक्षा बाहेरून द्यायची. बी.ए. मी पुण्याला मावशीकडे राहून केलं होतं. मावशी प्रेमळ, पण पुस्तक उघडलं रे उघडलं, की तिची हाक आलीच. शेवटी पोळ्यांत मी पहिल्या वर्गात आले आणि बी.ए.त तिसऱ्या. म्हणून आता मला नात्याचं घर नको होतं. भाडं देऊन, दार लावून वाचत बसता येईल अशी खोली हवी होती. नानांनी तीन दिवसांची मुदत दिली होती. तेवढ्यात मिळाली तर ठीक, नाहीतर परत धुळ्याला. तिथे साक्रीकडचं एक स्थळ होकाराची वाट बघत होतं.

पहिल्या दिवशी मेहरूण भागात एक छान खोली पाहिली. नानांनी मालकांचं गाव विचारलं, मालकांनी नानांचं आजोळ विचारलं. चहा येईस्तोवर ते माझ्या आईच्या चुलतमामांचे व्याही निघाले.

"भाडं किती?" मी मध्येच घुसले.

"भाडं कसानं?" मालक दुखावलेच. "आपलीच पोर शे. घरमाच ऱ्हाय. आमनी सूनले बी सोबत व्हई."

सूनबाई एक मूल कडेवर आणि एक पदराला धरून दारात उभी होती. तिनं माझ्याकडे इतक्या आशेनं पाहिलं, की मी चहा बशीत ओतून घाईघाईनं संपवला.

दुसऱ्या दिवशी नानांना धर्मशाळेतच बसवलं आणि दुसरी एक खोली बघायला एकटी गेले. तिथल्या मालकांनी, आबांनी, मला न्याहाळलं. "कोनी पोर शे तू?" मी उलट भाडंच विचारलं. पण गावाचं नाव काढून घेतल्याशिवाय त्यांनी खोलीची किल्ली काही हातात घेतली नाही. आमच्याच गावात त्यांची अक्का दिलेली होती. झालं, भाडं बुडालं!

तिसऱ्या दिवशी नाना भलतेच खुशीत होते. संध्याकाळच्या गाडीची वेळही विचारून आले होते. दुपारी आम्हाला एका पिंजाऱ्याच्या घरामागची खोली कळली. घरात कापूस पिंजून गाद्या भरायचं काम चाले, आणि कारभार त्याच्या म्हाताऱ्या आईकडे होता. मुसलमानाचं घर म्हणून नाना दारात घुटमळले. "लोक काय म्हणतील?"

"काहीही म्हणोत, नातं तर निघणार नाही!" मी म्हणाले.

म्हातारीनं नाव-गाव विचारलं आणि एकदम उठून उभी राहिली. तिचा नवरा दर हिवाळ्यात तिला घेऊन आमच्या गावात कापूस पिंजायला यायचा. नानांच्या लग्नातल्या गाद्या त्यानंच भरल्या होत्या आणि माझ्या आजीनं तिला लेक मानून चोळीचा खण दिला होता. नानांचे डोळे भरून आले. लोक काय म्हणतील ते विसरून ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही माझी बहीणच की! ही तुमची भाची."

"मग भाचीकडून भाडं कसं घेऊ?" म्हातारी म्हणाली.

मला रडूच फुटलं. "मला आत्या नको! घरमालकीण हवी. दार लावलं तर आत्याला राग येईल, घरमालकिणीला येणार नाही. मला अभ्यास करायचाय हो!"

बोलून गेले आणि लाजेनं मेल्यासारखं झालं. नाना लालबुंद झाले. म्हातारीच तेवढी शांत होती.

"रागावू नका भाऊ. पोरगी बरोबर बोलते. रिश्ता ईद-दिवाळीला, एरवी भाडं. पाणी वेगळं भर बेटी, चूल वेगळी मांड."

खोलीत आधी कापूस ठेवत, त्यामुळे दाराला कडी बाहेरूनच होती. ती पाहून नाना तडक निघून गेले. माझी ट्रंक स्टेशनवर न्यायलाच गेले असं मी धरून चालले. अर्ध्या तासानं परत आले ते बाजारातून एक लोखंडी कडी घेऊन. म्हातारीची हातोडी मागून ती त्यांनी आतल्या बाजूनं ठोकली. 

"लावून बघ," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

मी कडी लावली. भरदिवसा, बंद दाराआड, मी एकटी. असं जन्मात कधी झालं नव्हतं. डोळे वाहायला लागले ते थांबेनात. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"येऊ का आत?" नानांनी विचारलं.

"थांबा," मी म्हणाले.

आणि नाना थांबले.